मंगळवार क्लिवोन, दुसरी बाजू

बू तुकिनेम गप्प बसलेली मी माझ्या उभ्या जन्मात एकदाच पाहिली. तेच सांगतो. मध्ये फाटे फुटतील, पण फुटू द्यात, न्हाव्याच्या तोंडून सरळ गोष्ट कुणी ऐकली आहे का?

माझं केस कापायचं दुकान आणि तिचं घर यांच्यामध्ये विणलेल्या बांबूची एक भिंत आहे. भिंत आपली म्हणायला. तिकडे मिरची वाटली की इकडे गिऱ्हाईक शिंकतं. त्यामुळे बू तुकिनेम काय बोलते हे मला पाठ आहे, आणि ती सकाळी उठल्यापासून बोलते. भाजीच्या भावावर बोलते, आमच्या गावप्रमुखाच्या नव्या मोटारसायकलवर बोलते, मशिदीच्या भोंग्यातून खरखर येते त्यावर बोलते. माझी कित्येक गिऱ्हाइकं दाढी झाल्यावरही खुर्चीतून उठत नाहीत. "थांब की मो, तिचं त्या कोंबडीचं पुढं काय झालं ते ऐकून जातो," म्हणतात. मी एकदा तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मग निम्मी कमाई इकडं दे."

आणि नवरा कसा मिळावा? पाक पोनिरान! बाईला बू म्हणतात तसं आमच्याकडं बाप्याला पाक. पारव्यासारख्या त्या घुमणाऱ्या पक्ष्यांचे, पर्कुतुतचे पिंजरे करायचा. क्लातेनपासून पार योग्या शहरापर्यंतची माणसं त्याच्याकडून पिंजरे न्यायची, पण भाव विचारला तर हा बोटं दाखवायचा. 'हो' म्हणायला मान हलवायची आणि 'नाही' म्हणायला पण मानच हलवायची, फक्त जरा हळू. मोठ्या लेकीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, तिच्यात हा सगळीकडे दिसतो. खुर्च्या उचलतोय, दोरी बांधतोय, पाहुण्यांना हात जोडतोय. तोंड कुठंच उघडलेलं नाही. तुकिनेम मात्र दिसत नाही तिथंही ऐकू येते.

या माणसाला आयुष्यात एकच व्यसन होतं. दर मंगळवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावरून 'सेगो वादांग' लागायचं. सेगो वादांग म्हणजे शिळा भात, त्या विनोदी मंडळींचं नावच ते. गेंबुस नावाचा एक किडमिडीत नट आणि त्याची मंडळी, दर वेळी नवा गोंधळ. गेंबुस सासऱ्याकडं म्हैस मागायला जातो, गेंबुस पोलिस होतो, गेंबुस मेला असं उठतं आणि तो स्वतःच्याच चाळिसाव्याला जेवायला जातो. त्या वेळी आमच्या गल्लीत घराघरांतून एकच आवाज यायचा. सायकलवरून माणूस गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेला तरी त्याचं एक वाक्यसुद्धा चुकत नसे.

पोनिराननं आपला सगळ्यात चांगला पक्षी विकला आणि कॅसेट रेकॉर्डर आणला. टेबलावर रेडिओ, रेडिओच्या तोंडासमोर घडी केलेलं लुंगीचं कापड, त्यावर रेकॉर्डर. मंगळवारी तो त्याच्या शेजारी श्वास रोखून बसायचा. वायर जोडायची असते हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, पण वायरीतून आवाज पातळ होतो अशी त्याची ठाम समजूत. मग काय, जे जे त्या खोलीत होतं ते सगळं कॅसेटमध्ये गेलं. कोंबडा गेला. आढ्यावरची पाल गेली. गल्लीतून पुतू विकणारा जायचा, त्या वाफेच्या केकची ती लांबलचक शिट्टी गेली. आणि तुकिनेम गेली, अख्खीच्या अख्खी.

तिला तो कार्यक्रम कानावर नको असायचा. कारण सरळ होतं. हा माणूस तिच्या बोलण्यावर कधी हसला नाही, आणि गेंबुसवर मात्र पोट धरून हसायचा, तेही आवाज न करता. "त्या मेल्याला बोलायचे पैसे मिळतात," ती म्हणायची, "मी इथं फुकट बोलते म्हणून माझी किंमत नाही." म्हणून ती रेडिओशी भांडायची. गेंबुस काही विचारायचा आणि पुढच्या नटाच्या आधी हीच उत्तर द्यायची. मग भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "श्शूऽऽ!" एवढंच. आणि लगेच हिचं, "मला श्शू करता होय? मी काय कोंबडी आहे?"

दर मंगळवारी तो श्शू करायचा आणि दर मंगळवारी ती दुप्पट बोलायची. एकदाही, अहो एकदाही, तिनं ते ऐकलं नाही. आमच्या गल्लीत एखादं पोर ऐकत नसलं की अजून म्हणतात, "याला पोनिरानचा श्शू झालाय." मी त्याला एकदा विचारलं, एवढ्या कॅसेटा भरून बिस्किटांच्या डब्यांत ठेवतोस, ऐकतोस कधी? तेव्हा तो चक्क एक पूर्ण वाक्य बोलला. म्हणाला, "म्हातारपणी दोघं निवांत ऐकू."

ते राहूनच गेलं. आधी रेकॉर्डरचा पट्टा तुटला. मग कार्यक्रम बंद पडला. मग लेकींची लग्नं, नातवंडं, पिंजरे. आणि चार वर्षांमागं एका सकाळी, पिंजऱ्याला दार बसवता बसवता, पाक पोनिरान गेला. जाताना पण काही बोलला नाही. प्रार्थनेसाठी आम्ही चटया टाकून बसलो होतो तर आतून तुकिनेमचा आवाज येतोच आहे. कुणीतरी म्हणालं, बू, आज तरी जरा शांत. तर म्हणते, "का म्हणून? आता त्यांना उठून जाता येत नाही. आत्ताच काय ते बोलून घेते." तिचा सगळा चेहरा ओला होता.

आता आमच्या मंडळाबद्दल. सेगो वादांग प्रेमी मंडळ. अध्यक्ष पाक द्विजो, भूगोलाचे निवृत्त मास्तर, माईक एकदा हातात आला की कुणाला देत नाहीत. चिटणीस मी. कारण माझ्या दुकानात बाकडी आहेत. काम काय, तर जुन्या रेडिओवरचं जे सापडेल ते गोळा करणं. फोटो, जाहिराती, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. आणि कॅसेटा. कॅसेटांसाठी आम्ही पांढरे शर्ट घालून थेट केंद्रावर गेलो. तिथला माणूस फार गोड होता. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की जुन्या टेपा कधीच पुन्हा वापरल्या गेल्या, त्यांच्यावर खताच्या वापराविषयीची भाषणं आहेत. म्हणजे आमच्या गेंबुसच्या उरावर युरिया! द्विजो मास्तर परतीच्या बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. तेवढाच फायदा झाला म्हणायचा.

आणि मग माझी ट्यूब पेटली. पोनिरानचे बिस्किटांचे डबे!

बू तुकिनेमकडं गेलो तर तिथं घर उपसलेलं. नात रातिहचं लग्न महिन्यावर आलेलं. "घेऊन जा रे मो, सगळ्या घेऊन जा," ती म्हणाली. "मला शेंगदाण्याच्या पापड्या भरायला डबे हवेच आहेत. पण डबे परत आण. तुझ्या बायकोच्या कपाटात डबा गेला की तो पुन्हा दिसत नाही." कॅसेटा मी तांदळाच्या पोत्यात भरून आणल्या.

इथं मला त्या लग्नाचं सांगितलं पाहिजे. मुलगा बायू, शेतापलीकडच्या बू गिनाहचा नातू. आणि बू गिनाह आणि बू तुकिनेम यांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. एकीनं बाजारात कोथिंबीर घेतली तर दुसरी त्या दिवशी कोथिंबिरीशिवाय जेवायची. पण नातवंडांनी आज्यांना न विचारता परस्पर प्रेम केलं, त्याला काय करणार? शेवटी दोघींनी चहा घेतला, आणि तेव्हापासून नुसतं "विहीणबाई, बसा ना" आणि "विहीणबाई, तुम्ही आधी." ऐकणाऱ्याला साखर चढावी. पण बू गिनाहचा स्वभाव अख्ख्या पंचक्रोशीला माहीत. थोरल्या नातवाचं ठरलेलं लग्न तिनं मोडलं, का, तर मुलीकडून आलेल्या केळ्यांच्या फणीत एक केळं कमी होतं. ती ओरडत नाही. उठते, पदर सावरते आणि निघते, आणि मग कुणी पाया पडलं तरी मागं वळत नाही. रातिह बिचारी तिच्यासमोर श्वास पण मोजून घ्यायची.

आठवड्यानं द्विजो मास्तर माझ्या दुकानात आले ते डोळे पुसतच. मला वाटलं कुणी गेलं. "पर्तोमो," म्हणाले, "दोनच कॅसेटा ऐकल्यात रे अजून. गेंबुस राहू दे बाजूला. ही बाई ऐक!" मी बू तुकिनेमला भिंतीवरूनच हाक मारून बोलावलं, आणि त्यांनी फोनवर उतरवून घेतलेला तुकडा लावला. गेंबुस विचारत होता, "माझी बायको मला सोडून गेली, आता ती कुठं सापडेल?" आणि खोलीतून आमच्या तुकिनेमचा ठणठणीत आवाज, "जिथं तू नसशील तिथं!" त्यानंतर नटाचं खरं उत्तर आलं ते अगदीच मिळमिळीत. द्विजो मास्तर खुर्चीत लोळायचे बाकी राहिले.

बू तुकिनेम फुलली. "मग? तेव्हा मी हेच सांगत होते. ऐकलं कुणी?"

"आता सगळे ऐकतील," मास्तर म्हणाले. "पुढच्या रविवारी चावडीच्या सभागृहात मेळावा. स्वतः गेंबुस येणार आहेत. एक अख्खी कॅसेट लावू, जशीच्या तशी. तुम्ही पहिल्या ओळीत. आणि तुमच्या विहीणबाईंना पण मी आजच जाऊन आमंत्रण दिलं. किती खूश झाल्या!"

मास्तर गेले. बू तुकिनेम मात्र गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली. आरशात मी तिचं तोंड पाहिलं तर ते पांढरं फटक.

"मो," ती म्हणाली, "दांदांग."

"कसलं दांदांग?"

"माझं! भात वाफवायचं, तांब्याचं, माझ्या आईनं दिलेलं. गिनाहनं नेलं होतं तिच्याकडच्या कार्याला. आणलं तेव्हा बुडाला भोक! मी काही म्हटलं का तिला? नाही म्हटलं. तोंडावर एक शब्द नाही काढला. घरी बोलले. मंगळवारी बोलले."

आता मलाही ते आठवलं. भिंतीपलीकडून मी ते सगळं दांदांगपुराण ऐकलं होतं. असल्या असल्या गोष्टी बोलली होती की माझ्या हातातला वस्तरा थांबायचा.

"किती मंगळवार बोलत होतीस?"

"भोक बुजेपर्यंत."

"आणि ते बुजलं कधी?"

"कुठं बुजलं? अजून आहे तसंच आहे."

कपाळ माझं! आम्ही दोघं तसेच मास्तरांच्या घरी. बू तुकिनेमनं केळ्याच्या पानात बांधलेला चिकट भात नेला, आवाज मऊ केला, सगळं केलं. मास्तर भात खाऊन म्हणाले, "बू, हा इतिहास आहे. इतिहासाला कात्री नाही लावायची. कापायचंच असतं तर त्या युरियावाल्यांत आणि आपल्यात फरक काय?" खरं कारण बाईनं सांगितलं नाही, कारण मास्तरांना सांगणं आणि भोंग्यावर सांगणं एकच. मी म्हटलं, निदान कोणती लावायची ते आधी ठरवू. तर म्हणे तेही नाही. कॅसेटांवरून सभासदांत आधीच भांडणं झाली होती, म्हणून भिशीत काढतात तशी चिठ्ठी काढायची. चिठ्ठ्या करून बाटलीत घालायच्या, हलवायच्या, पडेल ती खरी. भिशीचा निकाल आमच्याकडं कुणी मोडत नाही.

चिठ्ठ्या करायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं. म्हटलं, बू, काळजी सोड, दांदांगच्या दिवसांतल्या कॅसेटांच्या चिठ्ठ्या टाकतच नाही. घरी येऊन पोतं उपडं केलं आणि डोक्याला हात लावला. पोनिरानचा बाजारवारांवर, म्हणजे आमच्या पाच दिवसांच्या बाजाराच्या आठवड्यावर, फार जीव. पक्षी घ्यायचा तो पोनला, पिंजऱ्याला हात घालायचा तो लेगीला. त्यानं प्रत्येक कॅसेटवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'मंगळवार क्लिवोन', 'मंगळवार पाहिंग', 'मंगळवार वागे'. साल नाही! महिना नाही! बाजारवार पाचच, फिरून फिरून तेच येणार. अख्ख्या पोत्यात नावं पाचच.

"वा रे पाकने," बू तुकिनेम वरती आढ्याकडं बघून म्हणाली. नवऱ्याला ती पाकने म्हणायची, पोरांचा बाप या अर्थानं. "बोललात तर नाहीच कधी, आणि लिहिलंत ते असं!"

ऐकायला यंत्र नव्हतं. चालणारं एकच, ते मास्तरांकडं, आणि ते त्याला हात लावू देत नव्हते. मग ती डोळे मिटून बसली आणि आठवू लागली. तांबट पाहिंगच्या बाजारालाच यायचा. त्याच्याकडं ती दांदांग घेऊन गेली, तो भोक बघून हसला, ती त्याच्याशी भांडली आणि तापलेल्या डोक्यानं घरी आली तो मंगळवार. "पाहिंग," ती म्हणाली. "जे काय वाईटसाईट बोलले ते पाहिंगला. बाकीच्या दिवशी मी साधं बोलले असेन."

ती साधं बोलली असेल यावर माझा विश्वास नव्हता, पण इलाज काय? कॅसेटांवर आकडे घातले, तेच चिठ्ठ्यांवर नावापुढं लिहिले, आणि पाहिंगच्या एकजात सगळ्या चिठ्ठ्या मी बाटलीबाहेर ठेवल्या.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. चटया, गोड चहा, पानातल्या पुरचुंड्या. गेंबुस आले. कसला किडमिडीत नि काय, आता नुसता सांगाडा, एका कानानं ठार बहिरे, पण टोपी तशीच तिरकी. पहिल्या ओळीत बू तुकिनेम, तिच्या शेजारी हिरव्या कपड्यांत ताठ बसलेली बू गिनाह, मागं रातिह आणि बायू. बू तुकिनेमनं सकाळपासून शपथ घेतली होती की आज तोंडातून शब्द काढायचा नाही. चहा आला तेव्हा तिनं मान हलवली. मला क्षणभर पोनिरानच बसलाय असं वाटलं.

मी बाटली हलवली. गेंबुसांनी चिठ्ठी काढली आणि मास्तरांनी वाचली, "मंगळवार क्लिवोन!"

मी इतका मोठा सुस्कारा टाकला की माईकमधून बाहेर ऐकू गेला.

आणि काय सांगू, काय रंगलं ते! गेंबुस सासऱ्याकडं म्हैस मागत होता आणि तुकिनेम रेडिओला सांगत होती, "अरे, म्हैस माग, बायको परत दे!" लोक लोटपोट. कोंबडा आरवला की टाळ्या, पुतूवाल्याची शिट्टी आली की म्हातारे डोळे पुसायला लागले. खरे गेंबुस बऱ्या कानावर हात धरून ऐकत होते. म्हणाले, "ही बाई कोण? हिला तेव्हाच मंडळीत घेतली असती तर मी उपाशी मेलो असतो." बू गिनाहसुद्धा हसली, हसता हसता तिनं विहिणीला चिमटा काढला. पहिली बाजू संपली, खट् झालं, टाळ्या पडल्या. मी उठून चहा बघायला निघालो.

"मंडळी, बसून घ्या," द्विजो मास्तर माईकवर. "आता दुसरी बाजू."

बोंबला! दुसरी बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. पोनिरान काटकसरी. एका बाजूवर एक मंगळवार, दुसरीवर पुढचा, आणि नाव घालायचा ते फक्त पहिल्या बाजूचं. आणि क्लिवोननंतरचा मंगळवार म्हणजे पाहिंगच! मी मास्तरांकडं धावलो तोवर त्यांनी कळ दाबली होती.

गेंबुस बोलत होता, पण तो मागं, लांब. पुढं होती ती तुकिनेम.

"...आणि ती गिनाह! नेताना चकचकीत नेलं, आणलं तर बुडाला भोक, माझा अंगठा जाईल एवढं! वर म्हणते कशी, आधीपासूनच होतं. आधीपासून! म्हणजे आम्ही काय इतकी वर्षं वाफ खाऊन जगलो? तोंड बघा तिचं, जसं काही भोक मीच रात्री जाऊन पाडून आले. त्या घरात मुलगी द्यायचं राहू द्या, मी माझी कोंबडी देणार नाही त्या घरात!"

सगळं सभागृह बू गिनाहकडं वळलं. मास्तर बंद करायची कळ शोधत होते. त्यांनी एक गोल बटण फिरवलं आणि आवाज वाढला. "कोंबडीचं पीस पण देणार नाही!"

बू गिनाह उठली. पदर सावरला. मागं रातिह "आजी" एवढंच म्हणाली. बायूनं तिचा हात घट्ट धरला. झालं, मी म्हटलं, लग्न गेलं, आणि तेही माझ्या हातानं हलवलेल्या बाटलीतून.

पण बू गिनाह दाराकडं गेली नाही. ती जागेवरच वळली आणि म्हणाली, "भोक आधीपासून होतं."

आता बू तुकिनेमनं गप्प बसायचं होतं. सकाळची शपथ होती, नातीचा संसार पणाला लागला होता. मी हातानं खुणा करत होतो.

"नव्हतं!" ती म्हणाली आणि ताडकन उठली.

"होतं. मी पाणी घातलं तेव्हाच टपकत होतं."

"मग तेव्हाच का नाही आणून दाखवलं? भात शिजवून खाल्ला आणि मग भोक दिसलं होय?"

"तुझी आई होती तेव्हापासून त्याला डाग दिलेला होता!"

"माझ्या आईवर जाऊ नकोस हां, गिनाह! डाग कानाला होता, बुडाला नव्हता!"

समोर दोघी, आणि यंत्रात तिसरी, तीही दांदांगवरच. आमच्या मंडळाच्या लोकांना काय, त्यांनी फोन वर धरले. गेंबुस शेजाऱ्याला विचारत होते, "हे नवीन बसवलंय का? छान आहे." मी मध्ये पडायला गेलो तर दोघींनी मला एकाच वेळी 'तू गप्प' म्हटलं.

तेवढ्यात यंत्रातून आलं.

"श्शूऽऽ!"

बू गिनाह थांबली, कारण माणूस दचकतोच. पण बू तुकिनेमचं तोंड उघडं होतं, हात हवेत होता, 'दांदांग'मधला 'दां' झाला होता. तो शब्द तिनं पुरा केला नाही. जिवंत होता तोवर त्याचा एक श्शू जिनं ऐकला नाही, ती बाई गप्प उभी राहिली.

आणि मग तो बोलला. यंत्राच्या अगदी जवळ बसायचा ना, त्यामुळे कानात बोलल्यासारखा, हळू आवाज.

"अगं नेम. जरा हळू. म्हातारपणी आपल्यालाच ऐकायचंय."

टेपवरच्या तुकिनेमला कसला धीर! "म्हातारपणी कशाला, आत्ताच ऐका! मी काय सांगत्ये, त्या तांबटाला..." ती सुरूच. आणि तिच्या त्या बडबडीखाली पोनिरान आणखी काहीतरी बोलत होता. चार-सहा शब्द असतील, आणि मध्येच तो हसला, चक्क आवाज करून हसला. पण काय बोलला ते कळेना. तांबट, डाग, भोक, सगळं त्याच्या अंगावर.

बू तुकिनेम चटईवर गुडघे टेकून यंत्राजवळ गेली. तिनं यंत्राच्या जाळीवर हात ठेवला आणि ओरडली, "अगं ए, गप्प बस! बोलतायत ना ते! एकदा तरी ऐकू दे की मेले!"

कुणी हसलं नाही. मास्तरांना बंद करायची कळ नेमकी तेव्हा सापडली, आणि खट् झालं. "बू," ते म्हणाले, माईक बाजूला ठेवून, "राहू दे का? म्हणजे, मागं घ्यायचं तर ते विहीणबाईंचं पुन्हा सगळं..."

बू गिनाह तिच्या शेजारी खाली बसली. हिरवं कापड चुरगळलं तरी बघितलं नाही. तिनं विहिणीच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि मास्तरांना म्हणाली, "मागं घ्या. कोंबडीपासून लावा. माझ्या शिव्यांसकट लावा, मला चालतंय. कापू नका काही."

मास्तरांनी मागं घेतली. कोंबडी आली, पीस आलं, श्शू आला. त्या जागेशी दोघी म्हाताऱ्या कान लावून पुढं वाकल्या, आणि बू गिनाह जाळीला तोंड लावून म्हणाली, "नेम, थांब गं बाई जरा." पुन्हा मागं घेतली. पुन्हा लावली. रातिह आणि बायू पण येऊन बसले, गेंबुसांनी बरा कान पुढं केला, मी चहाचा ट्रे हातात घेऊन तसाच उभा. दर वेळी तो बोलायचा आणि हसायचा, दर वेळी आम्ही सगळे मिळून श्शू म्हणायचो. पण टेपवरची ती बाई काही ऐकेना.